'गायन व अभिनय' मधला 'व'

गिरगावात केळेवाडीतल्या साहित्य संघात एका रविवारी दुपारी 'सौभद्र' या संगीत नाटकाचा प्रयोग झाला. तीन दिवसांनी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर त्याचं परीक्षण आलं. परीक्षण चांगलंच होतं. नांदीला एक ओळ होती, नेपथ्याला एक होती, ऑर्गन-तबल्याला मिळून एक होती, आणि सुभद्रा झालेल्या मुलीच्या वाट्याला हे वाक्य आलं होतं: 'गायन व अभिनय या दोन्ही बाजू तिने उत्तम सांभाळल्या.' यात खोटं काही नाही. कौतुकच आहे, मनापासूनचं आहे, आणि मिळालेल्या एवढ्याशा जागेत दुसरं काय मावणार हेही समजतं. तरी त्यातला एक शब्द बोटात रुतलेल्या कुसळासारखा राहिला. 'उत्तम' हा तो शब्द नाही. 'उत्तम' आपण सगळेच लिहितो. राहिला तो 'व'.

त्या दुपारी रंगमंचावर जे घडलं त्यात हा 'व' कुठेच नव्हता.

'वद जाऊ कुणाला शरण' हे पद घ्या. गद्य संपत आलं होतं. सुभद्रा बैठकीच्या कडेवर, सखी तिच्या डाव्या हाताला जरा खाली. शेवटच्या वाक्याचा शेवटचा शब्द तिने खाली टाकला नाही, तसाच तोलून धरला, आणि त्याच श्वासावर 'वद' आलं. ते बोललं की गायलं, हे पुढचं 'जाऊ' येईपर्यंत कळलं नाही. मग ओळ पुढे जात जात 'अग सखये'वर आली. ही जागा गोड आहे, घोळवावी अशी आहे, आणि बहुतेक जणी ती समोर बघून घेतात. माईक समोर, प्रेक्षक समोर, टाळी येणार तीही समोरून. हिने तिथे मान पूर्ण वळवली, सखीचं मनगट घट्ट धरलं आणि 'अग सखये' तिलाच सांगितलं. आवाज पडला. रंगमंचाच्या ओठावर ठेवलेल्या तीन माईकना आता तिचा कानच काय तो दिसत होता. मागच्या रांगांमधून कोणीतरी 'आवाज' म्हणून ओरडलंही. दुसऱ्यांदा ओळ फिरून आली तेव्हा तिने पुन्हा तेच केलं, त्याच ठिकाणी मान वळवली. तिसऱ्या वेळी नाट्यगृह इतकं गप्प झालं होतं की माईकवाचूनही ते दोन शब्द मागेपर्यंत पोचले. पद संपलं, टाळ्या झाल्या, 'वन्समोअर' आलं, पुन्हा आलं. तिचे डोळे सखीवरच होते आणि मनगट हातातच होतं. ऑर्गनवाल्याने षड्ज, म्हणजे 'सा', धरून ठेवला होता. त्यालाही वाटलं असणार, घेते की काय. मग त्याने सूर हळूच सोडला, आणि विरत चाललेल्या त्याच सुरात तिचं पुढचं गद्य वाक्य आलं.

यातलं गायन कुठलं आणि अभिनय कुठला? मान वळवण्यात पदाची चाल होती, 'अग सखये'च्या उतरत्या स्वरांत मनगट धरणं होतं. एक काढलं तर दुसरं उरत नाही. परीक्षण लिहिणाऱ्याने दोन रकाने आखले, दोन्हींत चांगले गुण दिले आणि बेरीज केली. बेरीज बरोबर आली, पण पाहिलेली गोष्ट त्यात आली नाही.

गद्यातून पदात जाणं हा संगीत नाटकातला सगळ्यात अवघड प्रवास आहे आणि तो अर्ध्या सेकंदात संपतो. त्या अर्ध्या सेकंदात काय काय होतं ते सावकाश पाहण्यासारखं आहे. बाईचा बोलण्याचा आवाज खालच्या अंगाला असतो आणि गायची असते काळी चार किंवा काळी पाचमध्ये, म्हणजे पेटीच्या त्या काळ्या पट्टीला 'सा' मानून. संवाद जिथे संपतो तो सूर आणि पद जिथून उठतं तो सूर यांच्यात अंतर राहिलं की कानाला ती फट लागते. ऐकणाऱ्याला तिचं नाव सांगता येत नाही, पण 'आता गाणं आलं' एवढं कळतं, आणि ते कळलं की सुभद्रा जाऊन गायिका उभी राहते. जाणती नटी शेवटच्या दोन वाक्यांत आवाज एकेक पायरी चढवत आणते आणि शेवटचा शब्द षड्जाच्या किंवा खालच्या पंचमाच्या, म्हणजे 'प'च्या, आसपास ठेवते. ऑर्गनवाला तिकडे शेवटून दुसऱ्या वाक्याखाली षड्ज-पंचम धरतो. ऑर्गनला गुडघ्याने ढकलायच्या पट्ट्या असतात, त्यांनी आवाज कमी-जास्त होतो. त्या पट्टीला गुडघा न लावता नुसत्या पायाच्या भात्यावर सूर ठेवला की तो नटीला ऐकू येतो आणि प्रेक्षकाला फक्त हवा भरल्यासारखी वाटते. हेच एक वाक्य आधी झालं तर नटी बोलता बोलता गाण्याच्या तयारीला लागते: खांदे सरळ होतात, हनुवटी उचलली जाते, पावलं समोर वळतात, आणि हातातलं वाक्य अर्थासकट गळून पडतं. उशीर झाला तर ती अंदाजाने उठते आणि पहिली ओळ सूर शोधण्यात जाते. म्हणून ऑर्गनवाल्याला नटीचा चेहरा दिसला पाहिजे, निदान खांदे तरी. जागा अपुरी म्हणून वाद्यं विंगेच्या आड नेऊन बसवली की सगळे कसलेले असूनही प्रयोग अडखळतो आणि का अडखळतोय ते कोणाच्या लक्षात येत नाही.

श्वासाचंही तसंच. मोठ्या संवादाच्या शेवटी छाती रिकामी झालेली असते. पदाआधी छाती उचलून घेतलेला मोठा श्वास ही सगळ्यात उघडी शिवण. बाराव्या रांगेतूनही ती दिसते. त्यावरचा उपाय असा की श्वास वाक्याच्या शेवटी घ्यायचाच नाही. शेवटचा तुकडा सुरू होण्याआधी, स्वल्पविरामावर घ्यायचा आणि त्या एका श्वासात बोलण्याचा शेवटचा तुकडा आणि गाण्याचा पहिला शब्द दोन्ही बसवायचे. हे तालमीत शंभरदा मोडतं. तुकडा लांब असेल तर पहिल्या शब्दाला वारा उरत नाही, छोटा असेल तर श्वास घेतल्याचं दिसतं. रडण्याचा प्रसंग आणखी कठीण. खरं रडू आलं की गळा आवळतो आणि आवळलेल्या गळ्यातून 'शरण'चा दीर्घ स्वर निघत नाही. म्हणून रडणं खांद्यांत, बोटांत, मानेच्या कोनात ठेवायचं आणि गळा मोकळा ठेवायचा. यात बनाव काही नाही; घरात सगळ्यांसमोर रडू दाबणारी बाई हेच करते. नऊवारीचा ओचा आणि त्यावरचा कमरपट्टा ओढून बांधला असेल तर बसून गाताना पोट फुगायला जागाच मिळत नाही, तान अर्धी तुटते. कपडेपटातल्या अनुभवी बाई पट्टा बसवताना आत दोन बोटं घालून बघतात ती त्यासाठी.

आणि हे सगळं दर वेळी नव्या पट्टीत. सुभद्रा काळी चारमध्ये गायली आणि पाठोपाठ कृष्णाला काळी एकमध्ये गायचं असेल, तर ऑर्गनवाल्याला आख्खं घर हलवावं लागतं. पण काळी एकचा पंचम म्हणजेच काळी चार. सुभद्रेचा षड्ज होता तोच सूर धरून ठेवायचा आणि खाली काळी एक मिळवायची. कान न हिसकता कृष्णाच्या घरात येऊन पोचतो. हे ज्या प्रयोगात होतं त्याला आपण 'ओघवता' म्हणतो आणि श्रेय दिग्दर्शकाला देतो. चांगला साथीदार गंधाराला, म्हणजे 'ग'ला, आणखी एक संयम पाळतो. ऑर्गनच्या पट्ट्या कारखान्यात ठरलेल्या, त्यातला शुद्ध गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा किंचित चढा. नटी गंधारावर स्थिरावली की तो स्वतःचा गंधार उचलतो आणि नुसता षड्ज-पंचम ठेवतो, नाहीतर दोन गंधार एकमेकांना घासतात. तबल्याची वेगळीच तऱ्हा. मुंबईच्या जुलैतल्या दमट हवेत पुडी, म्हणजे तबल्याचं कातडं, सैलावते आणि सूर उतरतो. वातानुकूलनाची कोरडी गार हवा सुरू झाली की तीच पुडी ताणून सूर चढतो. बाहेर जुळवून आणलेला तबला पहिल्या अंकात चढा लागतो तो यामुळे. मध्यंतरात प्रेक्षक बटाटेवड्यासाठी बाहेर पडलेले असताना आत पडद्यामागून हातोडीचे ठोके ऐकू येतात, ती मुंबईतल्या संगीत नाटकाची अगदी ओळखीची खूण आहे.

हे सगळं परीक्षणात यावं असं नाही. पण परीक्षण लिहिणाऱ्याच्या कानात असावं.

'सौभद्र' लिहिणाऱ्या अण्णासाहेब किर्लोस्करांची पदं मुळात या शिवणीसाठीच बेतलेली आहेत. १८८० मध्ये 'शाकुंतल' आणि १८८२ मध्ये 'सौभद्र' रंगभूमीवर आलं तेव्हा अण्णासाहेबांनी चाली घेतल्या त्या लोकांच्या जिभेवरच्या: कीर्तनातल्या, लावणीच्या, कानडी पदांच्या, शिवाय साकी आणि दिंडी. साकी-दिंडी हे सांगण्याचे छंद आहेत, आळवण्याचे कमी. त्यामुळे पात्र बोलता बोलता त्यांत शिरतं आणि बोलतच बाहेर येतं. आणखी एक गोष्ट, जी पदं नुसती वाचली तरी दिसते: यांतली किती पदं कोणाला तरी उद्देशून आहेत! कृष्ण रुक्मिणीला 'प्रिये पहा' म्हणतो. सुभद्रा 'अग सखये' म्हणते. पुढे 'एकच प्याला'तली गडकऱ्यांची सिंधू 'सत्य वदे वचनाला नाथा' म्हणते ते नवऱ्याला, सुधाकरला. अगदी १९६४ च्या 'मत्स्यगंधा'पर्यंत या, 'गर्द सभोती रान'मध्ये 'साजणी' आहेच. ही हाक म्हणजे नाट्यपदाचं दार. बंदिशीत गाणारा स्वरांशी बोलतो, अभंगात विठ्ठलाशी. नाट्यपदात दोन हातांवर एक माणूस उभा असतो, त्याचं नाव घेतलेलं असतं आणि तो ऐकत असतो. नटाची परीक्षा त्या हाकेवर होते. तान कितीही दाणेदार असू द्या, 'प्रिये' म्हणताना कृष्णाचे डोळे बाल्कनीत असतील तर रुक्मिणी तिथे असून नसल्यासारखी होते. 'प्रिये पहा'मध्ये तर तो तिला रात्र सरल्याचं, उषःकाल येत असल्याचं दाखवतोय. दाखवणाऱ्याने आधी स्वतः ते पाहिलं पाहिजे, मग तिच्याकडे वळलं पाहिजे, आणि ती पाहते आहे ना हेही पाहिलं पाहिजे. रामप्रहराची ती चाल या तीन नजरांना पुरेल इतकी सैल बांधलेली आहे. जो नट तिन्ही नजरा सुरात बसवतो त्याच्याबद्दल 'आवाज गोड' एवढंच लिहिणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

मग हा 'व' आला कुठून? एक उत्तर असं की गाणं मोठं झालं. १९११ च्या 'मानापमान'ला गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या, १९१६ च्या 'स्वयंवर'ला भास्करबुवा बखल्यांनी, आणि पदात राग पसरायला जागा झाली. तेव्हापासून काही लोक हळहळत आले आहेत की गाण्याने नाटक गिळलं. मला हे पटत नाही. रुक्मिणी 'नाथ हा माझा' म्हणते आणि यमन उलगडत जातो, तेव्हा नाटक थांबत नाही. तिचं मन एका माणसावर थांबलेलं असतं आणि यमन ते थांबणं दाखवतो. प्रेमात पडलेला माणूस एकच गोष्ट दहा वेळा घोकतोच. प्रश्न एवढाच की दहाव्या वेळी ती नववीपेक्षा वेगळी आहे का. पहिल्यांदा 'नाथ' म्हणताना ती शब्द उच्चारून बघते, दुसऱ्यांदा धीट होते, तिसऱ्यांदा तिची तिलाच लाज वाटते, आणि या प्रत्येक वेळची स्वरांची वाट निराळी. असं झालं तर वीस मिनिटंही कमी पडतात. आणि मुखडा, म्हणजे पदाची सुरुवातीची ओळ, पाचव्यांदा नुसता तालाची सम गाठण्यासाठी आला तर तीन मिनिटंही जड होतात. संगीत नाटकाच्या परीक्षणात एक गोष्ट हमखास लिहावी: ओळ फिरून आली तेव्हा काय बदललं.

दुसरं उत्तर यंत्राचं आहे, आणि मला ते जास्त खरं वाटतं. ७८ गतीच्या तबकडीच्या एका बाजूला सुमारे तीन मिनिटं मावायची. त्यात पद बसवायचं म्हणजे आधीचं गद्य गेलं, ऐकणारं पात्र गेलं, मान वळवणं गेलं, गद्यातून पदात येणं गेलं. गाणं थेट सुरावर सुरू होतं आणि टाळीआधी संपतं. बालगंधर्वांना पाहिलेल्यांनी लिहून ठेवलं आहे की त्यांचं गद्यही सुरात असायचं, बोलणं कधी संपलं आणि पद कधी सुरू झालं ते कळायचं नाही. तबकडीवर नेमकी तीच जागा नाही. सुई टेकते ती पदावर. आपण, म्हणजे त्यांना न पाहिलेल्यांच्या तीन-चार पिढ्या, त्या सुईच्या पुढचं तेवढं ऐकत वाढलो आणि त्याला बालगंधर्वांची 'गायकी' म्हणू लागलो. ज्या माणसाची सगळी थोरवी जोडकामात होती त्याचं अर्धं आपल्या हाती आलं, आणि त्या अर्ध्यावर आपण मोजमापाची पट्टी तयार केली. मग नाट्यगीतांच्या मैफली आल्या. दादरला, पार्ल्याला रविवारी सकाळी होतात, गर्दीने होतात, आणि ही पदं जिवंत ठेवण्याचं मोठं काम त्यांनी केलं आहे. पण मैफलीत 'अग सखये' डोळे मिटून गायलं जातं. तिथे सखी नाहीच, तेव्हा गाणाऱ्याचा काही दोष नाही. दोष एवढाच की पुढे तीच गायिका नाटकात उभी राहते तेव्हा डोळे मिटायची सवय सोबत येते, आणि ऐकणाऱ्यालाही ती सवय लागलेली असते.

८ जुलै १९२१ ला ग्रँट रोडच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी दोन नाटक कंपन्यांनी मिळून केलेला संयुक्त 'मानापमान' झाला. केशवराव भोसले धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. तीन महिन्यांत केशवराव गेले, त्यामुळे त्या रात्रीला आणखीच वलय आलं. शंभर वर्षं झाली तरी मुंबईत नाटकवेडी माणसं त्या प्रयोगाबद्दल बोलतात, आणि बोलणं हटकून एकाच वळणाने जातं: कोण चढ झाला, कोणाला किती वन्समोअर मिळाले, कोणाची तान कुठवर गेली. जे जाणून घ्यावंसं वाटतं ते वेगळंच आहे. धैर्यधर 'चंद्रिका ही जणू' गात होता तेव्हा विंगेत उभ्या असलेल्या बालगंधर्वांचा चेहरा कसा होता? आणि दोघं समोरासमोर आले, एक गायला लागला, तेव्हा दुसऱ्याने काय केलं? ऐकलं कसं? हात कुठे होते? कौतुकाच्या एवढ्या ढिगात हे हाती लागत नाही.

वन्समोअरबद्दल थोडं. ते घेऊच नये असं म्हणणं सोपं आहे आणि उद्धटपणाचंही. प्रेक्षकाला एखादी गोष्ट पुन्हा हवीशी वाटणं यात वाईट काय? 'कट्यार काळजात घुसली'त, १९६७ सालच्या त्या नाटकात, खाँसाहेब मुळात गवईच. तो गातो कारण गाणं हेच त्याचं जगणं आहे, हत्यार आहे, आणि शेवटी शिक्षाही तेच आहे. तिथे टाळी वाजली तर ती खाँसाहेब झालेल्या वसंतराव देशपांड्यांना जितकी पोचायची तितकीच खाँसाहेबालाही पोचायची. पात्राच्या आयुष्यात टाळीला जागा होती. 'घेई छंद मकरंद' हे एकच पद संगीतकार जितेंद्र अभिषेकीबुवांनी दोन चालींत बांधलं, दोन घराण्यांचे दोन स्वभाव कानाने कळावेत म्हणून. ते ऐकताना प्रेक्षकाचा 'वाह' नाटकाच्या आतलाच असतो. वसंतरावांचं मोठेपण लिहिताना तानांची चपळाई, स्वरांची अनपेक्षित उडी सगळेच लिहितात, आणि ते खरं आहे. पण तानेच्या आधी खाँसाहेबाच्या बोलण्यात जो ताठा असे, तोच तानेच्या उगमाशी असे. ताठा आणि तान एकाच पोटातून येत. म्हणून ती तान दुसऱ्या कोणी तितकीच स्वच्छ घेतली तरी खाँसाहेब उभा राहीलच असं नाही.

सुभद्रेचं तसं नाही. ती कुणाला गाऊन दाखवत नाही. तिला शरण जायला जागा उरलेली नाही. तिने पद पुन्हा घेतलं असतं तर तिच्या संकटाचा पुन्हा पहिल्यापासून प्रयोग झाला असता, आणि तो सखीला कळला असता, कारण सखीने एकदा ऐकलेलं आहे. त्या मुलीने वन्समोअर नाकारला असंही म्हणता येत नाही. नाकारायला तो आधी ऐकावा लागतो. तिने ज्या खोलीचं दार लावून घेतलं होतं तिथे तो पोचलाच नाही. हे करायला त्या क्षणी किती बळ लागतं याची कल्पना, टाळ्या आपल्यावर येत असताना मान न वळवता बसून पाहिलेल्यांनाच येईल.

आता पुष्कळ ठिकाणी साथ ध्वनिमुद्रित असते. दौऱ्याचा खर्च, वादकांच्या तारखा, बसमधली जागा, कारणं खरी आहेत. पण ट्रॅकला डोळे नसतात. नटीने शेवटचा शब्द अर्धा क्षण जास्त तोलला तर ऑर्गनवाला थांबतो, ट्रॅक निघून जातो. मग नटी घड्याळाशी बांधली जाते: इतक्या सेकंदांत वाक्य संपलं पाहिजे, इतक्यात वळलं पाहिजे. यातूनही वाट काढणारे आहेत. २०१७ मध्ये आलेल्या 'संगीत देवबाभळी'त तुकारामांची बायको आवली आणि लखूबाई होऊन आलेली रखुमाई या दोघीच, आणि दोघी रंगमंचावर खरोखर गातात. त्या दोघींचं गाणं भांडणातून, कामातून, दुखऱ्या पायाच्या कण्हण्यातून निघतं, आणि ज्यांनी कधी संगीत नाटक पाहिलं नव्हतं अशी विशी-पंचविशीतली मुलं ते पाहायला रांगा लावून येत होती. त्यांना कोणी गद्य-पद्याचा सिद्धांत सांगितला नव्हता. शिवण दिसत नव्हती, एवढं त्यांना पुरलं.

माईकचंही एक राहिलं. गालावर चिकटवायचा बारीक माईक आला तेव्हा वाटलं, आता मान हवी तिकडे वळवता येईल. येतेही. पण मग सखीच्या कानात सांगितलेलं 'अग सखये' आणि दरबारात म्हटलेलं पद एकाच अंतरावरून ऐकू येतात. नटीने मान वळवलेली डोळ्याला दिसते, कानाला नाही. ध्वनीच्या टेबलाशी बसणाऱ्याला नाटक पाठ असेल तर तो तिथे आवाज स्वतः उतरवतो, दोन शब्दांपुरताच. नसेल तर तो उलटच करतो. शब्द हळू आला म्हणून घाईने चढवतो आणि कुजबुज घोषणेसारखी येते. साहित्य संघातल्या त्या दुपारी माईक रंगमंचाच्या ओठावरचेच होते, तीनच होते, आणि त्यामुळे ते दोन शब्द खरोखर दूर गेले. 'आवाज' म्हणून ओरडणाऱ्याची तक्रार खरी होती. त्याने तिकीट काढलं होतं आणि त्याला ऐकू आलं नव्हतं. तरी तिसऱ्या वेळी त्यानेही श्वास धरला, आणि त्याला ते ऐकू आलं.

राहून राहून एक गोष्ट आठवते ती त्या सखीची. पद सहा-सात मिनिटांचं झालं असेल. एवढा वेळ तिला काही वाक्य नव्हतं. अशा वेळी गाणं येणारी सहकलाकार असेल तर तिची बोटं नकळत मांडीवर ताल धरतात; गाणं न येणारी असेल तर ती प्रत्येक ओळीला मान हलवते; कंटाळलेली असेल तर पदराशी खेळते. तिन्ही गोष्टींनी पद मरतं, कारण प्रेक्षक अधूनमधून तिच्याकडे बघतोच. हिची बोटं स्थिर होती. पहिल्या 'अग सखये'ला ती सुभद्रेकडे पाहत होती. दुसऱ्याला तिने नजर खाली नेली, कारण तिच्याकडे उत्तर नव्हतं. तिसऱ्याला तिने धरलेला हात सोडवून न घेता जरासा फिरवला, इतका, की तळवा तळव्याला लागला. गाण्यातला प्रश्न तिथे पोचला आणि तिथेच थांबला, म्हणून पुढे वन्समोअरला जागा उरली नव्हती.

परीक्षणात तिचं नाव नाही. 'इतरांनी योग्य साथ दिली' यात ती आली. प्रयोगानंतर आत भेटायला गेलेल्यांची गर्दी अर्थात सुभद्रेभोवती होती. कोणी पेढे आणले होते, कोणी वाकून नमस्कार करत होतं, दोन म्हाताऱ्या बाया तिचा हात हातात घेऊन उभ्या होत्या. सखी रंगभूषेच्या आरशाच्या टोकाला, अजून तोंड न पुसता, ऑर्गनवाल्याशी बोलत चहा पीत होती. कपबशी उजव्या हातात होती. डाव्या मनगटावर काचेच्या बांगडीची लाल रेघ उठली होती.